कंपनी आणि कारखाना

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

महाविद्यालयात प्रवेश घेताना एक छापील अर्ज भरावा लागतो. आमच्या घरात आजवर महाविद्यालयाची पायरी कोणी चढलेले नाही, त्यामुळे कोणता रकाना कसा भरायचा हे सांगणारे घरी कोणी नव्हते. ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यापाशी मी अडले. वडिलांना दम्यामुळे काम होत नाही. घर चालते ते मोठ्या भावाच्या पगारावर आणि आईच्या मजुरीवर. म्हणून मी लिहिले, ‘भाऊ कंपनीत, आई कारखान्यात.’ खिडकीपलीकडच्या काकांनी ते वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “भाऊ पर्मनंट का?”

“नाही, ठेकेदाराकडे.”

“आणि आई कोणत्या कारखान्यात?”

“गणपतीच्या.”

त्यांनी माझे दोन्ही शब्द तसेच ठेवले, पुढे कंसात ‘मजुरी’ एवढे लिहिले आणि अर्ज पुढे सरकवला. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. पण त्या कंसाने मला दोन वर्षे छळले आहे, आणि हा लेख त्या कंसाविषयीच आहे.

बाहेरगावाहून पेणला येणाऱ्या प्राध्यापकांच्या कदाचित लक्षात आले नसेल, पण आमच्याकडे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कारखाना म्हणजे गणपतीचा. मग तो पत्र्याच्या शेडमध्ये पाच माणसांचा का असेना. आणि डोलवीचा पोलादाचा एवढा अवाढव्य प्रकल्प, ज्याचा उजेड रात्री खारेपाटातल्या आमच्या ओटीवरून दिसतो, ती मात्र कंपनी. कंपनीत माणूस ‘लागतो’. कारखान्यात माणूस ‘शिकायला बसतो’. लग्नाच्या बोलणीत मुलगा कंपनीत आहे असे सांगितले की मुलीकडचे लगेच तोच प्रश्न विचारतात, जो काकांनी खिडकीतून विचारला. कारखान्यातल्या मुलाला तो प्रश्न कोणी विचारत नाही, त्याला विचारतात, “आखणी येते का?” आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. म्हणजे एकाची किंमत त्याच्या कागदावरून ठरते आणि दुसऱ्याची त्याच्या हातावरून.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हांला नव-औद्योगिक देश म्हणजे काय ते शिकवले. १९७९ साली पॅरिसच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने एक अहवाल काढला आणि त्यात अशा दहा देशांची नावे दिली: ब्राझील, मेक्सिको, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, युगोस्लाव्हिया, हाँगकाँग, दक्षिण कोरिया, सिंगापूर व तैवान. (यांतला युगोस्लाव्हिया आता नकाशावरही उरलेला नाही, आणि हाँगकाँग तेव्हाही स्वतंत्र देश नव्हता. पण याद्या अशाच असतात.) त्या यादीत भारत नव्हता. पुढे ज्या याद्या झाल्या त्यांत चीन, तुर्कस्तान, थायलंड, मलेशिया, दक्षिण आफ्रिका यांच्याबरोबर भारताचेही नाव येऊ लागले. नंतर सरांनी ‘देशातील प्रमुख उद्योग व कंपन्या’ अशी एक यादी फळ्यावर लिहिली आणि आम्ही ती उतरवून घेतली.

रात्री ती यादी पाठ करताना माझ्या ध्यानात आले की यांतली कित्येक नावे मी पुस्तकात वाचण्याआधी एस.टी.च्या खिडकीतून वाचली होती. दादा रोह्याला खोली घेऊन राहतो. त्याला भाकऱ्या आणि सुके मासे पोचवायला मी लहानपणापासून पेणहून रोह्याला जात आले आहे. ज्या मुलांनी देशाचा उद्योग फक्त पुस्तकात पाहिला असेल त्यांनी एकदा या गाडीत डाव्या-उजव्या बाजूला बघत जावे.

वडखळ नाका सोडला की डोलवी येते. ही कंपनी आधी इस्पात या नावाने होती. २०१० च्या डिसेंबरात ती जे.एस.डब्ल्यू.कडे गेली. २०२१ साली विस्तार पुरा झाल्यावर तिची क्षमता वर्षाला एक कोटी टन पोलादाची झाली. कोकणात लोहमार्ग आहे, महामार्ग आहे. पण या कंपनीचा खरा रस्ता धरमतरची खाडी आहे. जयगड बंदरात मोठ्या जहाजातून उतरलेले खनिज बार्जमध्ये भरून या खाडीने धक्क्याला लागते. आमचे आजोबा याच खाडीत होडी घालीत आणि हंगामात मिठागरावर राबत. आता मोठाल्या बार्ज जातात तेव्हा काठावरच्या लहान होड्या हिंदकळतात, एवढा आमचा आणि पोलादाचा संबंध. आजोबांच्या शब्दांत मात्र ती अजूनही ‘इस्पात’च आहे, मालक बदलला हे त्यांना सांगून पटत नाही.

पुढे नागोठणे. हे गाव रोहे तालुक्यात आहे. मुंबई हायचा वायू उरणमार्गे नळाने आणून त्यापासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करणारा प्रकल्प सरकारी आय.पी.सी.एल. कंपनीने येथे उभारला. १९९० च्या नोव्हेंबरात तेथे वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. २००२ मध्ये सरकारने या कंपनीतला आपला मोठा वाटा रिलायन्सला विकला आणि २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. यादीत ‘पेट्रोरसायने: रिलायन्स’ असे चार अक्षरांत येते ते हे.

मग भिसे खिंड उतरून रोहे. रोह्याची कुंडलिका मे महिन्यातही भरून वाहते याचे बाहेरच्यांना नवल वाटते. कोकणातल्या नद्या शिमग्यानंतर आटतात, ही का आटत नाही? याचे उत्तर घाटावर आहे. मुळशीचे धरण टाटांनी बांधले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. सत्याग्रह हरला, जमिनी बुडाल्या, आणि ते पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला आणून १९२७ पासून त्यावर वीज होऊ लागली. वीज गेली मुंबईला. उरलेले पाणी कुंडलिकेत पडले. त्याच पाण्यावर रोह्याची उन्हाळी भातशेती झाली, त्याच पाण्याच्या आधाराने पुढे धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि हल्ली कोलाडला रबरी होडीत बसून आरडाओरडा करणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात तेही त्याच पाण्यावर. मावळातल्या कुणाच्या तरी बुडालेल्या शेताचे हे पाणी आहे हे त्या पाहुण्यांना ठाऊक नसते. मलाही हे सरांनी मुळशी सत्याग्रहावर वाचायला सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. एका उद्योगाच्या पोटात दुसरा उद्योग कसा असतो आणि सर्वांत खाली कोणाची जमीन असते, हे कुंडलिकेइतके स्पष्ट मला कोणत्याही प्रकरणात सापडले नाही.

धाटावला रसायने होतात, त्यातही रंगद्रव्ये. पुण्याच्या सुदर्शन केमिकल्सने सत्तरच्या दशकात येथे कारखाना घातला (येथे मी ‘कारखाना’ लिहिले, पण धाटावचा माणूस असे म्हणणार नाही). याच वसाहतीत कलर-केम नावाची कंपनी होती. ती पुढे क्लॅरियंट झाली, २०२२ मध्ये हॉयबाख झाली. हॉयबाख हे जर्मनीतले दोनशे वर्षांचा वारसा सांगणारे घराणे. आणि २०२५ च्या मार्चमध्ये सुदर्शनने त्या हॉयबाखचाच जगभरचा व्यवसाय विकत घेतला! म्हणजे धाटावच्या एका फाटकावरची पाटी जर्मनी-स्वित्झर्लंड फिरून शेवटी शेजारच्याच घरात आली. हे वाचले तेव्हा मला अभिमान वाटला हे मी लपवीत नाही. पुण्याच्या एका घराण्याने १९५१ साली सुरू केलेली कंपनी जर्मन कंपनी विकत घेते, ही आपला देश कुठून कुठे आला याचीच खूण आहे. गाड्यांचे रंग, छपाईची शाई, प्लॅस्टिकच्या बादल्या, जगात कुठे कुठे आमच्या नदीकाठचा रंग लागला असेल कोण जाणे.

पण मग मी दादाकडे बघते.

दादा वर नावे घेतलेल्यांपैकी कोणत्याही कंपनीत नाही. तो आय.टी.आय. झालेला फिटर आहे आणि एका लहान रासायनिक कंपनीत आठ वर्षे काम करतो. पंप, व्हॉल्व्ह, गळती काढणे हे त्याचे काम. काम तेच, जागा तीच, वरचे साहेबही बहुतेक तेच. बदलले ते ठेकेदार. आठ वर्षांत चार. प्रत्येक नवा ठेकेदार आला की जुना गेटपास जमा, नवा गेटपास, नवा फोटो, आणि दादा कागदावर पुन्हा नवखा. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात पाच वर्षे सलग नोकरीची अट होती. दादाची आठ वर्षे झाली, पण एकाही ठेकेदाराकडे पाच भरली नाहीत. त्याच्या हाताखाली शिकून दोन पोरे दुसरीकडे पर्मनंट झाली. तो हसून सांगतो, “मी लोकांना कायम करतो, स्वतः हंगामी राहतो.” तो हसतो तेव्हा आई उठून आत जाते.

कोणी म्हणेल, ही एका घराची रड झाली. देशाचे अर्थशास्त्र असे घरोघरचे रडगाणे ऐकून ठरत नसते. मान्य आहे. म्हणून जरा कोरियाकडे पाहू, कारण तोही आता आमच्या जिल्ह्यात आला आहे. कोलाडवरून ताम्हिणीच्या रस्त्याला लागले की विळे-भागाडची वसाहत आहे. तेथे पॉस्को या कोरियन कंपनीचा पोलादी पत्र्याचा प्रकल्प आहे. १९६० च्या सुमारास कोरिया आणि भारत दोघेही जगातल्या गरीब देशांत मोडत. पॉस्को १९६८ साली निघाली, जपानकडून नुकसानभरपाईदाखल मिळालेल्या पैशाचा काही भाग त्यात घातला गेला, आणि १९७३ मध्ये पोहांगची भट्टी पेटली. आज तीच कंपनी आमच्याकडे येऊन मोटारींचा पत्रा करते. सॅमसंगची गोष्ट तर आणखी गमतीची: १९३८ मध्ये ती सुरू झाली ती सुकी मासळी, भाजीपाला असला माल विकणारी पेढी म्हणून. पेणच्या बाजारात बोंबील आणि जवळा घेऊन बसणाऱ्या आमच्या बायांना हे सांगितले तर त्या म्हणतील, “मंग आमचं काय चुकलं?”

त्यांचे काय चुकले याचे उत्तर एका लेखात देण्याची माझी पात्रता नाही. पण कोरियाविषयी जे वाचले त्यातली एक गोष्ट आमच्या यादीत येत नाही. तेथील मोठ्या कंपन्यांना सरकारने स्वस्त कर्ज दिले, पण त्याबदल्यात निर्यातीची उद्दिष्टे पुरी करून घेतली. आणि कामगारांना जे मिळाले ते त्यांना भांडून मिळाले. १९८७ च्या उन्हाळ्यात उल्सानपासून सुरू होऊन देशभर संप झाले, संघटना उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर तेथील मजुरी वेगाने वाढली. कोरिया पुढारलेला देश झाला तो कंपन्यांच्या नावांमुळे झाला तितकाच त्या संपांमुळेही झाला. आपण मात्र यादी कंपन्यांची करतो, आणि त्या कंपनीत काम करणारा माणूस पाच वर्षांनी कुठे असतो हा रकानाच त्या यादीत नसतो.

आता कारखान्याकडे वळते. येथे मी सावध राहिले पाहिजे, कारण आपल्या गावच्या कलेचे गोडवे गाणे फार सोपे असते आणि वार्षिकात असे लेख दर चार-पाच वर्षांनी येतच असतात.

भूगोलात आम्हांला वेबरचा सिद्धांत आहे. उद्योग कच्च्या मालाजवळ निघतो की बाजारपेठेजवळ, हे वाहतुकीच्या खर्चावरून ठरते, असे त्याने १९०९ साली मांडले. मी तो पेणच्या गणपतीला लावून पाहिला. शाडूची माती येते गुजरातेतून, भावनगरकडून. प्लास्टर येते राजस्थानातून, बिकानेरकडून. मूर्ती जातात मुंबईला, पुण्याला, आणि पार समुद्रापलीकडे. परदेशच्या मूर्ती तर गणपतीच्या कितीतरी महिने आधी पेटीत बसतात. म्हणजे माती येथली नाही, गिऱ्हाईकही येथले नाही. येथला आहे तो हात. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, जिथे जाल तिथे शेडमध्ये पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. कोणत्याही कंपनीने येथे कोणाची जमीन घेतली नाही, कोणत्या मंत्र्याने नारळ फोडला नाही, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या हजारो घरांची चूल यावर पेटते.

माझी आई तेथे रंगाला बसते. दहावीपासून मेच्या सुटीत मीही बसते. पहिल्या वर्षी मला फक्त पॉलिश पेपर दिला होता: साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या सांध्यावरची शिवण घासून काढायची. शिवण गेली असे डोळ्याला वाटते, बोटाला वाटत नाही. आमच्या कारखान्यातले एक म्हातारे कारागीर मूर्तीकडे न बघता नुसते बोट फिरवून ती परत करीत. सोंडेच्या आतल्या बाजूची शिवण मी सात वेळा घासली होती. दुसऱ्या वर्षी पितांबर रंगवायला मिळाले. सोनेरी रंगाचा ब्रश किती निथळवावा, मुकुटाच्या कडेला हात टेकवण्यासाठी करंगळी कुठे ठेवावी, पावसाळी हवेत रंग सुकायला किती ठेवावा, हे सगळे मी तेथे शिकले, आणि कोणी मला ‘शिकवतो’ असे म्हटले नाही. आता मला एका मूर्तीचे वस्त्र पूर्ण करायला पूर्वीच्या निम्मा वेळ लागतो. दादाला त्याच्या कामात जे येते तेही त्याने असेच मिळवले आहे. पण कारखान्यात मालक बदलला तरी माझा हात माझ्याबरोबर येतो आणि शेजारच्या शेडमध्ये तो ओळखला जातो. दादाचा हात गेटपासबरोबर जमा होतो.

हे झाले गोडवे. आता दुसरी बाजू. आईला मजुरी नगावर मिळते. गणपती बसले की काम थांबते आणि दिवाळीनंतर पुन्हा हळूहळू सुरू होते. मधल्या महिन्यांत उधारी. प्रॉव्हिडंट फंड नाही, विम्याचे कार्ड नाही, आजारी पडले तर तो दिवस गेला. रंगाच्या गनचा फवारा दिवसभर श्वासात जातो, तोंडाला ओढणी एवढेच संरक्षण. आणि आमच्या शेडमध्ये तरी आखणी पुरुषच करतात. आई अठरा वर्षे रंगाला बसते आहे, तिने एकही डोळा रेखलेला नाही. विचारले तर म्हणते, “आपल्याला कोण देतंय?” आखणीचा दर वेगळा असतो, हे सांगायला नको. मालक वाईट आहेत असे नाही. त्यांनाही हिवाळ्यात कर्ज काढून माल भरावा लागतो आणि पैसा भाद्रपदात हाती येतो. मध्ये पाऊस, मोडतोड, आणि एखाद्या वर्षी कोर्ट.

कोर्टाचे सांगायलाच हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मेमध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कोविडमुळे व मुदतवाढीमुळे काही वर्षे गेली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कसोशीने अमलात आणायला सांगितले, तेव्हा शेडमध्ये निम्मा माल तयार होता. ९ जूनला न्यायालयाने मूर्ती बनवायला परवानगी दिली, विसर्जन मात्र नैसर्गिक पाण्यात करायचे नाही असे ठरले. जुलैत आणखी आदेश आला: सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात, त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत. फेब्रुवारी ते जून या चार महिन्यांत आमच्या वस्तीत कोणी नवे भांडेही घेतले नाही. पाण्याचे रक्षण व्हायला हवे याबद्दल माझे दुमत नाही. ज्या गावात नदी-खाडीवर पोट होते त्या गावची मी आहे. पण एक फरक नोंदवते. मोठ्या कंपनीवर असा प्रसंग आला असता तर तिचे वकील, तिचा अहवाल, तिची आकडेवारी दुसऱ्या दिवशी न्यायालयात हजर असती. पेणमध्ये नेमके किती कारखाने, किती बाया, किती पुरुष, हे आकडे जो तो आपापले सांगत होता. ज्याची मोजणी नाही त्याला ‘प्रमुख उद्योग’ कोण म्हणणार?

मोजणीवरून आठवले. आमच्या भागात एकदा मोजणी झाली होती. पेण, उरण, पनवेल या तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर महामुंबई नावाचे विशेष आर्थिक क्षेत्र येणार होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले: जमीन द्यायची की नाही. प्रकल्पासाठी शेतकऱ्यांचा असा कौल घेण्याची देशातली ही पहिलीच वेळ होती असे म्हणतात. निकाल शासनाने जाहीर केला नाही, पण बहुसंख्यांनी नकार दिल्याचे वृत्तपत्रांनी छापले, आणि ते क्षेत्र पुढे झाले नाही. मी तेव्हा दोन वर्षांची होते. आजोबा मला खांद्यावर घेऊन मत द्यायला गेले होते असे घरी सांगतात. आजोबांच्या वडिलांना चरीचा १९३३ ते १९३९ चा शेतकऱ्यांचा संप आठवत असे, त्यामुळे आमच्या घराला नकार देण्याची सवय जुनी आहे. “पैसा सरतंय, जमीन सरत नाय,” एवढेच आजोबा त्यावर बोलतात.

येथे मात्र माझा आणि आजोबांचा मतभेद आहे, आणि तो मी त्यांच्यासमोरही मांडला आहे. जमीन राहिली, पण हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला गेले आणि खारेपाट उन्हाळ्यात टँकरची वाट बघत राहिला. एका भाताच्या पिकावर दोन भावांची कुटुंबे चालत नाहीत. म्हणूनच दादा धाटावला गेला. नुसता ‘नको’ म्हणून आमचे भागले नाही आणि नुसता ‘हो’ म्हटले असते तरी भागले नसते. कंपन्या हव्यात. मला त्या हव्यात, कारण दादाच्या पगारातून माझी फी भरली जाते आणि हे मी विसरले तर माझ्यासारखी कृतघ्न मीच. पण जमीन विचारताना जसे एक दिवस शेतकऱ्याचे मत विचारले, तसे कामाविषयी कामगाराला कोणी कधी विचारलेले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की मोठा उद्योग कोणता हे टनांवरून आणि कोटींवरून ठरवण्याबरोबर आणखी एका मापाने ठरवावे: तेथे काम करणाऱ्याची वर्षे मोजली जातात का? ठेकेदार बदलला तरी काम तेच असेल तर नोकरीची वर्षे कामगाराबरोबर पुढे चालली पाहिजेत. आणि गणपतीच्या कारखान्यात बसणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव कुठल्यातरी वहीत असले पाहिजे, किती वर्षे बसली, काय काय येते, यासकट. हे दुसरे काम सरकारची वाट न बघता आपल्याला करता येईल. आपल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि भूगोल हे दोन्ही विभाग आहेत, दरवर्षी प्रकल्प लिहावे लागतात, आणि ते बहुतेक जण मागल्या वर्षीच्या वहीवरून उतरवतात (मीही एक उतरवला, सरांनी क्षमा करावी). त्याऐवजी पेण, हमरापूर, जोहे येथल्या एकेका शेडची नोंद एकेका विद्यार्थ्याने केली तर दोन वर्षांत आपल्याकडे असे आकडे असतील जे कोर्टातही दाखवता येतील. रोह्याकडून येणाऱ्या मित्रांनी धाटावच्या ठेकेदारी कामगारांचे असेच करावे. ते अधिक अवघड आहे, फाटकाच्या आत कोणी घेणार नाही. पण संध्याकाळी पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर सगळे भेटतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा त्यांतल्या एकीत विलीन झाला. आता प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचे आहे. या संहिता कामगारांच्या बाजूच्या की मालकांच्या, यावर मोठी माणसे भांडत आहेत. मी फक्त एक कागद पाहिला आहे.

मध्यंतरी दादा रविवारी घरी आला आणि त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक इंग्रजी पत्र काढून माझ्यापुढे ठेवले. नियुक्तिपत्र. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून आई हातातले काम टाकून आली, आजोबा खाटेवर उठून बसले. मी ओळ न्‌ ओळ वाचून मराठीत सांगितली: नाव, हुद्दा, मजुरीचा दर, कामाचे तास. आईने मध्येच विचारले, “म्हणजे पर्मनंट का?” मी म्हटले, “नाही, पण कागद तरी आहे.” पत्रात ‘कामावर रुजू झाल्याची तारीख’ असा एक रकाना होता, आणि तो वाचायचा मी राहू दिला. पत्र घडी करून परत देताना दादा हळूच म्हणाला, “तारीख पाहिलीस ना? मी कालच लागलोय.”